तीन खोकी, एक बेड आणि मिस्त्री

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी ऑनलाइन मागवलेला ७२ बाय ७८ इंचांच्या गादीचा बेड तीन खोक्यांत आला. "मीच जोडतो की," म्हणालो. रात्री अकरापर्यंत चौकट उभी राहिली, पण बसलं की कर्रर्र! त्यात एक स्क्रू दोनदा काढून घातला, तर भुशाच्या बोर्डातलं भोकच सैल झालं.

सकाळी मिस्त्रींना बोलावलं. आधी मजुरी ठरवली. पैशांचं बोलणं काम झाल्यावर करायचं नसतं. त्यांनी पहिल्यांदा टेप काढली आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले: एक १०७ इंच, दुसरा १०९. "साहेब, गुण्यातच नाही हे, कोपरे काटकोनात नाहीत. तुम्ही एकेक बोल्ट पुरता आवळत गेला." सगळे बोल्ट ढिले केले, कोपरा हातानं ढकलून दोन्ही कर्ण १०८ वर आणले, मगच एलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, आवळले. ड्रिल मशीन पिशवीतच राहिलं. त्यानं बोर्डाची भोकं फाटतात म्हणे. सैल भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या दोन काड्या ठोकल्या, वाळू दिल्या आणि तोच स्क्रू घट्ट बसला.

चहा धरून दोन तास. गादीवर चादर अर्थातच सोलापुरी. कर्रर्र बंद. एक वॉशर मात्र उरलाय, तो कुठला ते मिस्त्रींनाही सांगता आलं नाही.