मामा तलावातली जलपर्णी, बेशरम काढताना दिवड कशी वाचवायची

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत दिसणारी दिवड, म्हणजे धोंड्या, हा पाण्यातला बिनविषारी साप. अंगावर चौकटी, डोळ्याखाली आणि मागे दोन काळ्या तिरप्या रेघा. विषारी घोणसच्या पाठीवर मात्र साखळीसारखे गोल ठिपके असतात. हा फरक गड्यांना आधीच दाखवा. ओळख पक्की नसेल तर हात लावू नका. सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

जलपर्णी फुलावर येण्याआधीच काढा. बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते, मग मेहनत वाया जाते. एका काठापासून सुरुवात करून पट्ट्यापट्ट्याने पुढे जा, म्हणजे साप-बेडकांना सरकायला जागा मिळते. काढलेला ढीग रात्रभर पाण्यालगत पडू द्या. त्यात अडकलेले जीव परत उतरतात. सकाळी काठीने हलवून बघा, मगच पाळीपलीकडे (तलावाच्या बांधापलीकडे) नेऊन वाळवा. ओला ढीग पेटवणे ही सगळ्यात वाईट चूक, आत साप असू शकतो.

बेशरमाची झुडपं मुळासकट खणा. कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला की पुन्हा फुटतो. पाळीतली बिळं मात्र बुजवू नका, दिवड अंडी तिथंच घालते.

जाळ्यात अडकलेली दिवड ओढू नका, खवले दोऱ्यात रुततात. अंगावर ओलं पोतं टाका, बोथट टोकाच्या कात्रीनं एकेक फास कापा. चावलीच तर जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

विदेशी मांगूर मासा तलावात सोडूच नका. त्याच्या पालनावर २००० पासून बंदी आहे. तो बेडूक-मासोळ्या फस्त करतो, दिवडीचं अन्नच तेच.