परसातल्या गावठी कोंबड्या आणि कुंपणाखालचं मुंगूस

परसाला २ इंची चौकटीची चेनलिंक, म्हणजे तार विणून केलेली कुंपणाची जाळी, होती. तिच्यातून पिल्लं बाहेर जायची, मुंगूस आत यायचं. नुसती षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका, कुत्री ती फाडतात. चेनलिंक तशीच ठेवली आणि बाहेरून अर्धा इंची वेल्डमेशचा (तारांचे सांधे वेल्ड केलेली ताठ जाळी) ३ फूट रुंद रोल लावला: २ फूट उभा, उरलेला १ फूट काटकोनात दुमडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर, वर चिरे. उकरणारा प्राणी कुंपणाच्या मुळाशीच उकरतो आणि तिथे त्याला जाळी लागते.

कुंपणाची उंची ६ फूट. वर आडवा पाइप मात्र नको, कोंबडी त्यावर बसते आणि पलीकडे उतरते. तरीही उडणारीची एकाच पंखाची लांब पिसं कापा; तोल गेला की झेप चुकते. फाटकाखालची फट चिऱ्याच्या उंबरठ्याने बुजवली.