साइटवरचा आदेश आणि कार्यालयातली नोंद

बांधकामाच्या साइटवर नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याने आपली नेतृत्वशैली कोणती, हे ठरवत बसू नये. काम कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून वागण्याची रीत बदलावी. आठवड्याची आखणी करताना मुकादम, सेंटरिंगवाले (स्लॅबचा साचा उभारणारे) आणि फिटर (सळया बांधणारे) यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, कारण सणासाठी किती माणसे गावी जाणार आणि साच्याच्या प्लेटा कधी मोकळ्या होणार, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. स्लॅब भरायला सुरुवात झाली की मात्र चर्चा बंद. मिक्सरमध्ये वरून पाणी टाकू न देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आदल्या दिवशीच सर्वांना सांगितलेले असावे. टेकूंच्या बाबतीतही मतदान नसते: साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि हवेचे तापमान १५ अंशांखाली गेले नसेल, तर आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकानुसार ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. ठेकेदाराला प्लेटांची घाई आहे, हे कारण चालत नाही.

तोंडी दिलेला आदेश त्याच संध्याकाळी आदेश पुस्तिकेत उतरवून ठेकेदाराच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. सुधारित नकाशा आला की जुनी प्रत साइटवरून परत मागवून तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारावा. दोन्ही प्रती फिटरच्या हाती राहिल्या, तर तो सोयीची प्रत वापरतो.

सर्वाधिक काळजी मोजमाप पुस्तिकेची घ्यावी; ठेकेदाराचे देयक तिच्यातल्या नोंदींवरूनच निघते. काँक्रीटखाली झाकल्या जाणाऱ्या लोखंडाची मोजणी ओतकामापूर्वीच करावी आणि व्यास, संख्या, लांबी असे रकाने भरून मग वजन काढावे. १६ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे १.५८ किलो भरते. आकडा चुकला तर खाडाखोड न करता तो वाचता येईल असा छेदावा, शेजारी योग्य आकडा लिहावा आणि तारखेसह लघुस्वाक्षरी करावी. देयक लेखा शाखेत अडकते ते बहुधा अशाच एखाद्या गिरवलेल्या आकड्यापायी.

पाऊस, जागेचा ताबा, उशिरा मिळालेले नकाशे यांमुळे काम थांबले, तर कोणते काम कधीपासून कधीपर्यंत थांबले, हे अडथळा नोंदवहीत त्याच दिवशी लिहून उभयपक्षी सह्या कराव्यात. मुदतवाढीचा अर्ज आल्यावर आठवून भरलेल्या नोंदी तपासणीत टिकत नाहीत.