पहिल्यांदा स्कूबासाठी बोनेरला जाताय? मग या चुका टाळा

बोनेर म्हणजे व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, अरुबा आणि कुरसावच्या शेजारी असलेलं छोटंसं डच बेट. जेमतेम २८८ चौरस किलोमीटर, अख्ख्या बेटावर एक ट्रॅफिक सिग्नल नाही, आणि पश्चिमेचा किनारा म्हणजे एकाला लागून एक डाईव्ह साईट. बोटीची वाट बघायची गरज नाही, पिकअप भाड्याने घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे, रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात त्यावर साईटचं नाव लिहिलेलं असतं, तिथे गाडी लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं. कॅप्टन डॉन स्ट्युअर्ट नावाचा माणूस १९६२ मध्ये इथे आला आणि त्याने ही डायव्हिंगची सुरुवात केली, १९७९ पासून सगळा किनारा मरीन पार्क आहे, त्यामुळे रीफ (प्रवाळाचा खडक) जपला गेलाय, आणि तो अगदी काठापाशी आहे.

पण गंमत अशी की नवशिक्यांची इथे फजिती होते ती याच मोकळेपणामुळे. कोणी हाताला धरून नेत नाही. कुठे उतरायचं, किती खोल जायचं, कधी वळायचं, सगळं तुम्ही आणि तुमचा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, मिळून ठरवायचं. म्हणून तयारी घरूनच करून जावी लागते, आणि लोक तयारी म्हणजे तिकीट आणि गोप्रो एवढंच समजतात.

"मालवणला केलंय की स्कूबा"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. तारकर्ली-मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला जे होतं ते बहुतेक वेळा ट्राय डाईव्ह असतं. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून ठेवतो, जाकिटात हवा तो भरतो-सोडतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि फोटोला अंगठा... म्हणजे ओकेची खूण करायची, कारण पाण्यात अंगठा वर केला तर "वर चला" असा अर्थ होतो :) मजा येते, पण ते सर्टिफिकेशन नाही. बोनेरला स्वतः सिलिंडर घेऊन उतरायचं तर ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचा पहिला कोर्स केल्याचं) लागतं. थिअरी, स्विमिंग पूलमधली स्किल्स, आणि समुद्रात चार डाईव्ह असं ते असतं, शिवाय २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आधी गल्लीतला पूल गाठा, बाकीचं नंतर.

सुट्टीतले चार दिवस वाचवायचे असतील तर थिअरी आणि पूल घरी करा आणि फक्त समुद्रातल्या डाईव्ह तिकडे करा, याला रेफरल म्हणतात, डाईव्ह शॉपला आधी मेल टाकून विचारा. माझं स्पष्ट मत विचाराल तर पूर्ण कोर्स आधीच उरकून जा (तारकर्लीला एमटीडीसीचं सेंटर आहेच). बोनेरचं तिकीट काढून तिथल्या पुलात मास्क काढायची प्रॅक्टिस करत बसणं जीवावर येतं.

मेडिकल फॉर्म तिथे जाऊन वाचणे

कोर्स असो वा डाईव्ह, एक मेडिकल प्रश्नावली असते. दमा, बीपीच्या गोळ्या, डायबिटीस, हृदयाचं काही, फुफ्फुस किंवा कानाचं ऑपरेशन... एखाद्या प्रश्नाला "हो" आलं की डॉक्टरची सही लागते, आणि ती नसेल तर तुम्हाला पाण्यात सोडत नाहीत, कितीही विनवण्या करा. लोक काय करतात, लहानपणी दमा होता तरी सगळीकडे "नाही" टिक करतात. नका करू असं. पाण्याखाली फुफ्फुसात हवा अडकून राहिली आणि तुम्ही वर आलात तर ती हवा फुगते. फॉर्म नेटवर मिळतो, निघायच्या महिनाभर आधी प्रिंट काढून डॉक्टरांकडे न्या.

व्हिसाचा घोळ

बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची स्पेशल म्युनिसिपालिटी आहे, पण शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत) नाही. त्यामुळे "आपल्याकडे शेंगेन आहे, झालं काम" असं धरून चालू नका. कॅरिबियन भागाचा व्हिसा वेगळा असतो. भारतीय पासपोर्टला कोणत्या दुसऱ्या व्हिसावर सूट मिळते ते डच सरकारच्या साईटवर तारखेसकट बघून घ्या.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी दुसरा सापळा आहे. एच-वनचा (नोकरीच्या व्हिसाचा) पासपोर्टमधला स्टॅम्प संपलाय आणि फक्त आय-९४ (देशात राहायच्या परवानगीची नोंद) चालू आहे, अशा वेळी कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येता येतं ती सोय एच-वनवाल्यांना या बेटांसाठी मिळत नाही. म्हणजे जाल मजेत, पण परत येताना विमानातच चढू देणार नाहीत. आणि भारतातून निघणाऱ्यांनो, मायामीवरून स्वस्त तिकीट दिसलं तरी तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

पैशांचं सांगायचं तर बेट डच असलं तरी चलन अमेरिकन डॉलर. एंट्री टॅक्स मोठ्यांना ७५ डॉलर, तो ऑनलाइन भरून ठेवा. शिवाय पाण्यात उतरायची नेचर फी ४० डॉलर, ती कॅलेंडर वर्षापुरती असते. या दोन्ही गोष्टी बजेटमध्ये कोणीच धरत नाही.

पहिल्याच दिवशी पाण्यात उडी

मुंबई-पुण्याहून निघालात तर घड्याळ साडेनऊ तास मागे जातं, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, एसीने नाक चोंदलेलं असतं. पहिला दिवस झोपा, पाणी प्या, किराणा आणा. दुसऱ्या दिवशी ओरिएंटेशन डाईव्ह करा, ती तशीही सक्तीची आहे आणि शॉपच्या समोरच होते. लोक ती उरकून टाकतात. उलट वेट (खाली जायला अंगावर लावायची वजनं) किती लागतंय ते तिथेच ठरवायचं असतं, कारण पुलात चार किलोत बुडणारा माणूस खाऱ्या पाण्यात वरच तरंगत राहतो, मग घाबरून नऊ-दहा किलो लावतो आणि पुढचे सगळे दिवस वाळूत गाढवासारखा चालतो. योग्य वेट तपासायचं ते सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, कारण अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर संपत आला की दोनेक किलोने हलका होतो आणि सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी थोडा वेळ थांबायचं तेव्हा) तुम्ही आपोआप वर जायला लागता.

सामान

किनाऱ्यावर पांढरी वाळू कमी आणि मेलेल्या कोरलचे दगड जास्त. धारदार आणि शेवाळलेले. पूलवाले बंद टाचेचे फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) घेऊन गेलात तर अनवाणी त्या दगडांवरून चालावं लागेल, त्यामुळे जाड तळव्याच्या बुटी आणि मागे पट्टा असलेले फिन्स हवेत. फिन्स काठावर घालू नका, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बडीच्या खांद्याला धरून घाला. लाट यायच्या वेळी उभं राहून तिच्याशी कुस्ती खेळायची नसते, बीसीडी, म्हणजे हवेचं जाकीट, फुगवून सरळ पोहायला लागा. बाहेर येताना तर रांगत आलात तरी चालतंय, तिथे सगळेच तसे येतात.

मास्क मात्र स्वतःचा घ्या, बाकी सगळं भाड्याने चालेल. नवा मास्क कितीही महागाचा असो, काचेवर फॅक्टरीचा थर असतो, टूथपेस्टने दोन-चार वेळा घासून काढला नाही तर पहिल्या डाईव्हला धुकंच धुकं. मिशीवाल्यांचा मास्क गळतोच. नाकाखालची एक पट्टी बारीक करा, मिशी राहते आणि पाणी थांबतं. चष्म्याचा नंबर असेल तर नंबरची काच बसवून मिळते, ती इथूनच बसवून न्या.

सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजकडे लक्ष द्या. भारतात बार आणि मीटरमध्ये शिकलेल्या माणसाला तिथे पीएसआयचं (दाब मोजायच्या दुसऱ्या एककाचं) गेज हातात मिळू शकतं. २०० बार म्हणजे साधारण ३००० पीएसआय, आणि ५० बार म्हणजे सातशेच्या आसपास. "७०० दिसतंय, भरपूर आहे" असं वाटून फिरत राहिलात तर अवघड आहे.

हातमोजे घेऊ नका, मरीन पार्कमध्ये बंदी आहे, हातमोजे घातले की माणूस कोरल धरतो म्हणून. ऑक्सिबेन्झोनवालं सनस्क्रीनही चालत नाही. त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड बरा.

साईट निवडताना

हिल्मा हुकर ही बुडालेली मालवाहू बोट, १९८४ मध्ये गांजासकट पकडली गेली आणि नंतर बुडाली, सगळ्यांना पहिल्याच दिवशी तीच करायची असते. ती आडवी पडलीय तीस मीटरच्या तळावर, आणि वरची बाजू सुरू होते अठरा मीटरच्या आसपास. ओपन वॉटरची मर्यादाच अठरा मीटर. म्हणजे तुमचा शेवट तिथे तिची सुरुवात. वरून बघा आणि परत फिरा, किंवा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करून पुढच्या वेळी या.

थाऊजंड स्टेप्सला हजार पायऱ्या नाहीत, सत्तरच्या आसपास असतील, पण भरलेला सिलिंडर एकटाच सोळा किलोचा, वेट आणि बीसीडी धरून पंचवीसच्या वर, परत चढताना हजार वाटतात हे खरं. आणि तिथून पुढे कारपाटा साईटकडे जाणारा रस्ता वन-वे आहे. साईट मागे राहिली तर यू-टर्न नाही, रिंकॉन गावावरून अख्खा वळसा. आधी नकाशा बघा.

सॉल्ट पिअर (जहाजात मीठ भरायचा धक्का) नवशिक्यांना झकास, खांबांभोवती मासेच मासे, सूर्याच्या तिरिपी खाली उतरलेल्या... पण मिठाचं जहाज लागलेलं असलं की बंद, त्या दिवशी सकाळी शॉपमध्ये विचारून निघा. पूर्वेच्या बाजूला मात्र अजिबात स्वतःहून जाऊ नका, वारा कायम तिकडून असतो आणि लाटा खडकावर आपटतात.

गाडीत काहीही ठेवायचं नाही. पासपोर्ट नाही, फोन नाही, बरा टॉवेलसुद्धा नाही. काचा उघड्या ठेवायच्या, म्हणजे फोडाव्या लागत नाहीत. हे ऐकून लोक हसतात, पण तिथे सगळे हेच करतात. बऱ्याच पिकअप मॅन्युअल गिअरच्या असतात, आपल्याला त्याचं काही वाटत नाही, फक्त गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आणि रस्त्यात उभी असलेली गाढवं सांभाळायची.

पाण्यात गेल्यावर काही बिघडलं तर

कान दुखायला लागल्यावर मोकळे करायचे नसतात, दुखायच्या आधीच करायचे. पाण्यावर असताना एकदा, मग प्रत्येक मीटरला. नाही सुटला तर एक मीटर वर या, पुन्हा करा, तरी नाही तर डाईव्ह सोडा. सर्दी असताना नाक मोकळं करायची गोळी खाऊन उतरणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड, गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि ते खाली जातानाच्या दुखण्यापेक्षा वाईट.

हवा फार लवकर संपतेय? बहुतेक वेळा हात मारत पोहणं हे कारण असतं. हात छातीशी घडी घालून ठेवा, पाय हळू. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध निघा म्हणजे दमलेले असताना प्रवाह परत आणून सोडतो, आणि अर्धा सिलिंडर व्हायच्या जरा आधीच वळा. निघतानाच मागे वळून बघून ठेवा की काठाजवळच्या बॉयची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेची) दोरी कुठे आहे, नाहीतर रीफ दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो आणि तुम्ही शेजारच्या साईटवर बाहेर पडून उन्हात सिलिंडर पाठीवर घेऊन डांबरी रस्त्याने चालत येता.

बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, मग दोघांनीही सावकाश वर यायचं. हे कोरड्या जमिनीवर, नवरा-बायकोने तर नक्कीच, आधी बोलून घ्या. पाण्यात भांडता येत नाही आणि वर आल्यावर जे होतं ते सगळ्या किनाऱ्याला ऐकू जातं.

परतीचं विमान

सलग काही दिवस डाईव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचं, २४ ठेवा म्हणजे डोक्याला ताप नाही. कुरसावला जाणारं छोटं विमानही विमानच, अर्ध्या तासाचं आहे म्हणून सूट नाही. तिकीट सकाळचं असेल तर आदल्या दिवशीची सकाळ सुद्धा विसरा. तो दिवस वॉशिंग्टन स्लॅगबाय पार्कला द्या, किंवा दक्षिणेला मिठागरं, फ्लेमिंगो आणि १८५० मध्ये गुलाम मजुरांसाठी बांधलेल्या त्या कमरेएवढ्या दाराच्या झोपड्या बघा.

इन्शुरन्स घेताना बारीक अक्षरात स्कूबा धरलंय का आणि किती मीटरपर्यंत ते वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा नसतंच. डाईव्हनंतर सांधे दुखतायत, हाताला मुंग्या येतायत, विचित्र थकवा वाटतोय, तर "प्रवासाचा शीण असेल" म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. शॉपला फोन करा, ऑक्सिजन मागा. राजधानी क्रालेनडाइकच्या हॉस्पिटलमध्ये प्रेशर चेंबर (डाईव्हनंतर अंगात झालेल्या वायूच्या बुडबुड्यांवर उपचार करायची दाबाची खोली) आहे, बेटावरच, विमान लागत नाही.