आउटबोर्डमध्ये ऑइल टाकताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पेट्रोल पंपावरच होते. टाकी भरायला कॅन घेऊन गेलेला माणूस तिथंच मिळणारं स्कूटरचं टू-टी ऑइल घेतो आणि टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या, पेट्रोलमध्ये ओततो. इंजिन लगेच सुरू होतं, चांगलं पळतंही, त्यामुळे काही बिघडतंय अशी शंकाच येत नाही.

स्कूटरचं किंवा ग्रासकटरचं इंजिन हवेनं थंड होतं आणि खूप तापतं. त्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून त्याच्या ऑइलमध्ये धातुयुक्त घटक घातलेले असतात, आणि ते जळले की राख उरते. आउटबोर्ड मात्र खाडीचं किंवा धरणाचं पाणी सतत आत ओढून थंड राहतं. तिथं ही राख प्लगच्या टोकांवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साचते. प्लग वारंवार बंद पडणं ही पहिली खूण. पुढे पिस्टनवरचा थर निखाऱ्यासारखा तापतो, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून टू-स्ट्रोक आउटबोर्डला डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' असं लिहिलेलं ऑइलच लागतं. या ऑइलमध्ये राख करणारे घटक नसतात. उलटही करू नका. हेच ऑइल ग्रासकटरमध्ये घातलं तर तिथल्या उष्णतेला ते पुरत नाही आणि पिस्टनच्या रिंगा अडकतात.

प्रमाण अंदाजानं धरू नका. ५०:१ म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिली, १० लिटरला २०० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. काही इंजिनांना १००:१ चालतं, नव्या इंजिनाला सुरुवातीचे तास बहुधा २५:१ द्यावं लागतं. खरा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. 'थोडं जास्त असलं तर बरंच' हा समज चुकीचा आहे. जास्त ऑइलनं धूर आणि काजळी तर होतेच, शिवाय तेवढ्या प्रमाणात पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण हलकं होऊन इंजिन तापतं. ऑइल-इंजेक्शनचं इंजिन असेल तर ऑइल वेगळ्या टाकीतून आपोआप येतं. तिथं पेट्रोलमध्येही ऑइल घालायचं की नाही, हे फक्त पुस्तिका सांगेल.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांची मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. किनाऱ्यावर ठेवलेल्या अर्ध्या टाकीत हे लवकर होतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसह खाली बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि टाकीच्या तळातून इंजिनात जातं ते बिनऑइलचं पाणी. मिश्रण लागेल तेवढंच करा. पंधरवडाभर पडून राहिलेलं मिश्रण आधी काचेच्या बाटलीत काढून बघा, खाली वेगळा थर दिसला तर ते वापरू नका.

फोर-स्ट्रोकमध्ये कारचं ऑइल

ही चूक जाणकार माणसंही करतात, कारण ऑइल महागडं आणि सिंथेटिक असतं. पण कार घाटात जोर लावते आणि उतारावर विसावते. बोटीला उतार नसतो. पाणी सतत अडवत असतं, त्यामुळे मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांवर इंजिन तासन् तास ओढत राहतं. नव्या कारचं ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल या कामासाठी केलेलंच नाही. त्यात खारी हवा. कारच्या ऑइलला गंज रोखण्याची तेवढी कठोर परीक्षा द्यावी लागत नाही. फोर-स्ट्रोक बोट इंजिनांसाठीच्या 'एफसी-डब्ल्यू' शिक्क्याच्या ऑइलला मिठाच्या पाण्यासमोर ती द्यावी लागते. जाडी पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यावरून ठरवा. १०डब्ल्यू-३० पुष्कळ इंजिनांना चालतं, काही कंपन्या २५डब्ल्यू-४० सांगतात.

ऑइल वाढतंय, हा भास नव्हे

डिपस्टिकवर पातळी आपोआप वर चढली तर खूश होऊ नका, वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतंय. कारचा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की थंड करणारं पाणी सोडणारी झडप) ८० अंशांच्या पुढे उघडतो, बऱ्याच आउटबोर्डचा ५० ते ६० च्या आसपास. म्हणजे हे इंजिन आधीच थंड चालतं. त्यात पर्यटकांना घेऊन दिवसभर हळू फिरलं की आत उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं झिजतात. ऑइल बदला, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का ते तपासा, आणि परतीच्या वाटेवर दहा-पंधरा मिनिटं इंजिन पाऊण वेगानं चालवायची सवय लावा.

पातळी बघताना इंजिन सरळ उभं हवं. वर उचललेल्या इंजिनात डिपस्टिक खोटी पातळी दाखवते आणि माणूस उगाच ऑइल ओततो. ९.९ एचपीच्या इंजिनात जेमतेम पाऊण ते एक लिटर मावतं. तिथं २०० मिली जास्त म्हणजे खूपच जास्त. ऑइलला फेस येतो आणि ते हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये जातं.

बदलायचं कधी?

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बहुधा १० ते २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. कोकणात मेअखेरीस बोटिंग बंद होतं, ते ऑगस्ट संपेपर्यंत. बहुतेक जण बोट वर ओढून झाकतात आणि ऑइल सप्टेंबरमध्ये बदलतात. हे उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो आणि तो तीन महिने बेअरिंगांवर बसून राहतो. ऑइल मे महिन्यातच बदला.

इंजिन पाण्याच्या पिंपात ठेवून पाच मिनिटं चालवा. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काही क्षणांत जळतो. बंद करा, ड्रेन बोल्ट काढून ऑइल डब्यात धरा. ते खाडीत ओतू नका, गॅरेजला द्या. बोल्टला नवा वॉशर, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट. पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन थोडं चालवा, दहा मिनिटं थांबा, मग पातळी पुरी करा. टू-स्ट्रोकला ऑइल बदलणं नसतं. तिथं प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवाऱ्याचं ऑइल) मारून ठेवा.

खालच्या गिअर केसकडे, म्हणजे प्रोपेलरजवळच्या गिअरच्या डब्याकडे, सहसा कोणी बघत नाही. तिथं इंजिन ऑइल चालत नाही, मरीन गिअर ऑइल लागतं. खालचा स्क्रू थोडा सैल केल्यावर आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर सील गेलंय. प्रोपेलर काढून बघा. त्याच्या दांड्याला गुंडाळलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सील कापतो, खाडीत हे फार होतं. भरताना पंपानं खालच्या भोकातून भरा, म्हणजे हवा वरून निघते. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू बसवा, मगच खालचा पंप काढून तिथला स्क्रू झटकन लावा. दोन्हींचे वॉशर नवे घाला. जुना, चपटा झालेला वॉशर पाणी आत सोडतो आणि सील बदलूनही पुढच्या वेळी ऑइल पुन्हा दुधाळच निघतं.