विमानतळावरून पवनेच्या काठी: आधी अंधाराचं गणित मांडा

मी कामोठ्यात राहतो आणि पिवळ्या नंबरप्लेटची एर्टिगा चालवतो. धंदा मुख्यतः विमानतळाच्या पिकअपचा. थंडी सुरू झाली की त्यातले बरेच जण लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या काठावर तंबूत राहायला निघालेले असतात. माझी सासुरवाडी कडध्याची, म्हणजे कामशेत-पवनानगर रस्त्यावरचीच. त्यामुळे तिकडचे खड्डे मला जावई म्हणूनही माहीत आहेत. फोनवर सगळे एकच विचारतात, "दादा, एअरपोर्टवरून किती तास?" मी उलट तीन प्रश्न विचारतो. विमानतळ कुठलं, वार कुठला आणि काठावरचं गाव कुठलं?

विमानतळाचं आधी बघू. तिकिटावर तीन अक्षरं असतात. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे आमचं नवी मुंबईचं, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली. उलवे-पनवेलची माणसं त्याला दि. बा. पाटलांचं विमानतळ म्हणतात, त्या नावासाठी ती रस्त्यावर उतरलेली आहेत. बीओएम असेल तर टर्मिनलही सांगा. एक नंबर विलेपार्ल्याच्या बाजूला, दोन नंबर सहारला. विमानतळ एकच असलं तरी एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायचं तर अंधेरीच्या ट्रॅफिकमधून फिरून जावं लागतं. "आम्ही बाहेर आलोय, तुम्ही दिसत नाही" असा फोन आला की बहुतेक वेळा माणूस एकला असतो आणि गाडी दोनला.

दोन नंबरला ड्रायव्हर दरवाजासमोर थांबू शकत नाही, त्याला पार्किंगच्या इमारतीत थांबावं लागतं. म्हणून विमान टेकल्यावर नाही, बॅगा हातात आल्यावर फोन करा. पार्किंगचा मीटर तुमच्याच खिशातून पळतो.

आता रस्ता. सहारहून आम्ही चेंबूर-मानखुर्द करून वाशीचा खाडीपूल ओलांडतो आणि सायन-पनवेल हायवेने कळंबोलीला येतो. तिथून एक्सप्रेसवे सुरू. चेंबूरकडे लाल रेघ दिसली तर पवईवरून ऐरोली पुलाने ठाणे-बेलापूर रस्ता धरायचा. ऑक्टोबर २०२४ पासून या दोन्ही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे टोल वाचवायला अमुकच पूल घ्या असा आग्रह धरू नका. अटल सेतूचं मात्र बऱ्याच पाहुण्यांना वेड असतं. पूल सुंदर आहे, जवळजवळ २२ किलोमीटरचा आहे, पण तो शिवडीहून सुरू होतो. अंधेरीहून आधी शिवडीपर्यंत खाली उतरायचं आणि वर वेगळा टोल भरायचा, यात शहाणपण नाही. दक्षिण मुंबईत काम उरकून निघणार असाल तर जरूर घ्या.

नवी मुंबईला उतरलात तर अख्खी मुंबईच टळते. जेएनपीटीच्या रस्त्याने पळस्पे, तिथून जुन्या हायवेने शेडुंग, आणि शेडुंगला एक्सप्रेसवेवर चढायचं. सहारच्या मानाने तास-दीड तास सहज वाचतो. तिकिटात थोडाफार फरक असेल तर मी डोळे झाकून एनएमआय घ्या म्हणेन. यात माझाही स्वार्थ आहे, मला ते घराजवळ पडतं.

एक्सप्रेसवेवर फार सांगण्यासारखं नाही. छोट्या गाडीला शंभरची मर्यादा, घाटात साठची, आणि कॅमेरे आहेत. ड्रायव्हरला "जरा दामटा ना" म्हणू नका, चलन त्याच्या नावावर येतं. घाट चढताना मी एसी बंद करतो. पुढे गाड्या तुंबलेल्या असल्या की इंजिन तापतं. दहा मिनिटं काच खाली करून बसलात तर बोनेट उघडून तासभर उभं राहायची वेळ येत नाही. लोणावळा-खंडाळा आणि खोपोलीच्या मधल्या टप्प्यात जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकच होतात, त्यामुळे घाट तुंबला की "जुन्या रस्त्याने काढा" या सल्ल्याला अर्थ उरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी पुण्याकडे जाणारी बाजू तुंबते. ती वेळ सोडून तिकीट काढता आलं तर अर्धी लढाई जिंकलात.

खरा प्रवास लोणावळ्यानंतरचा. ज्याला सगळे तळं म्हणतात ते पवना धरणाचं पाणी. त्याच्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले उभे आहेत आणि काठ इतका वाकडातिकडा आहे की समोरच्या तंबूंचे दिवे दिसतात, गाणी ऐकू येतात, पण तिथे पोचायला डोंगराला वळसा पडतो. म्हणून तंबूवाल्याकडून नुसता पिन घेऊ नका. पिन कधी कधी पलीकडच्या काठावर पडतो, कधी भर पाण्यात. गावाचं नाव विचारा आणि "शेवटचं डांबर कुठे संपतं" तेही विचारा.

गाव ब्राह्मणोली किंवा तिकोना पेठ असेल तर लोणावळ्याला एक्सप्रेसवे सोडायचा, जुन्या हायवेने कार्ला फाटा मागे टाकत कामशेतला यायचं आणि उजवीकडे पवनानगरचा रस्ता धरायचा. जुनी माणसं पवनानगरला काले कॉलनी म्हणतात, वाट विचारताना दोन्ही नावं तोंडात असू द्या. वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा लागतो. आमच्या भागातून जाणारा म्हणून नाही सांगत, पण नवख्या माणसासाठी हाच रस्ता चांगला: चढ कमी, वाटेत वस्ती, गाडी बंद पडली तर हाकेला माणूस. गाव आंबेगाव किंवा दुधिवरे असेल तर लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून उतरायचं. हा रस्ता जवळचा, म्हणून मॅप सगळ्यांनाच त्यावर घालतो. दिवसा मजा येते, खिंडीतून खाली पाण्याचा पहिला तुकडा दिसला की मागच्या सीटवरची पोरं ओरडतात. रात्री मात्र तीव्र वळणं, समोरून हायबीम मारत येणारे, आणि कडेला गुरं. तुंगच्या पायथ्याला जायचं असेल तर नौदलाच्या आयएनएस शिवाजी तळावरून पुढे घुसळखांबला जाऊन फाटा पकडायचा. तो सगळ्यात निर्जन. पेट्रोल, पाण्याच्या बाटल्या, एटीएमचे पैसे, सगळं लोणावळ्यातच उरका, कारण पुढे नेटवर्क जातं-येतं आणि क्यूआर कोडसमोर हात जोडून उभं राहावं लागतं.

म्हणून माझा हिशेब उलटा चालतो. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. पाचला कामशेत किंवा लोणावळा सोडलंच पाहिजे. म्हणजे सहारला उतरणाऱ्याचं विमान बाराच्या आत टेकायला हवं, नवी मुंबईचं एक-दीडपर्यंत चालेल. त्याहून उशिराचं असेल तर रात्री लोणावळ्यातच खोली घ्या आणि सकाळी काठावर जा. तंबूवाला फोनवर "या हो, काही नाही होत" म्हणतो, पण अंधारात त्या कच्च्या उतारावर गाडीचं नाक कोणत्या झाडाकडे आहे हे त्याला दिसत नसतं.

गाडीचं भाडं परवडत नसेल तर रेल्वे आहे, आणि आता ती सोपी झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत गेली, त्यामुळे दोन्ही टर्मिनलांच्या स्टेशनांवरून थेट सीएसएमटी. दादरला उतरून सामान ओढत रेल्वे स्टेशन गाठण्यापेक्षा सीएसएमटीच बरं, गाडी तिथूनच सुटते. सकाळी इंद्रायणी आणि डेक्कन एक्सप्रेस, दुपारी सिंहगड. डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला सुटते, म्हणजे लोणावळ्यात उतरेपर्यंत काळोख, तेव्हा ती मुक्काम लोणावळ्यात असेल तरच. कर्जतला मागून इंजिन लागेपर्यंत वडा खाऊन घ्या. लोणावळ्याहून पुण्याकडची लोकल पकडली की मळवली आणि मग कामशेत. दुपारच्या वेळी या लोकल विरळ असतात. कामशेतच्या बाहेर पवनानगरसाठी टमटम किंवा जीप मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि दिवेलागणीनंतर भरतही नाही.

ॲपवरच्या टॅक्सीने गेलात तर परतीचं आधी ठरवा. काठावर बसून बुकिंग केलं तर कुणी येत नाही, आलाच तर दोन्ही बाजूंचं भाडं मागतो आणि ते रास्तच आहे, त्याला रिकामं यावं लागतं. ड्रायव्हरला रात्री थांबवणार असाल तर त्याचं जेवण आणि झोपायची जागा बुकिंग करतानाच विचारून घ्या. एका ठिकाणी मला "गाडीतच झोपा ना" असं सांगितलं, शेकोटीपाशी मात्र पाहुण्यांसाठी गाद्या घातल्या होत्या. हे असं सगळीकडे नसतं. बरेच तंबूवाले गावचेच आहेत. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची पोरं उरलेल्या तुकड्यावर हा धंदा करतात, ती ताटाला ताट लावून जेवायला बसवतात.

पाण्यात उतरू नका. वरून संथ दिसतं, पण खाली गाळ आणि एकदम खोल. पट्टीचे पोहणारेसुद्धा इथे गेले आहेत. पावसाळ्यात तर जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढतं, निघण्याआधी त्याची बातमी बघा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला मार्च-एप्रिलात या. तंबू तेव्हा स्वस्त असतात, दुपार मात्र भाजून काढते.

परतीला रविवार असेल तर सहारच्या विमानाच्या सात तास आधी काठ सोडा, नवी मुंबईच्या सहा तास. इतर वारी तास-दीड तास कमी करा. ड्रायव्हरला निघताना पुन्हा एकदा टर्मिनलचा नंबर सांगा, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का विचारा, आणि तंबूतल्या ओल्या चपला डिकीत ठेवा, सीटखाली नको.