भयकादंबरी किंवा प्रलयकथा स्वतः प्रकाशित करताय? प्रसिद्धीतल्या या चुका टाळा

मराठीत भयकथेला वाचक आहे. नारायण धारप २००८ साली गेले, रत्नाकर मतकरी २०२० साली. तरी त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि खपतात. नव्या लेखकाच्या पहिल्या भयकादंबरीवर पैसे लावायला मात्र प्रकाशक कचरतात. मग लेखक स्वतःच पुस्तक काढतो. किंडलवर ई-पुस्तक चढवतो, थोड्या छापील प्रती काढतो, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात करतो. लेखनात दोन-तीन वर्षं ओतलेली असतात आणि प्रसिद्धी मात्र दोन रात्रींत, घाईघाईने उरकली जाते. अशा पुस्तकांचे मसुदे आणि जाहिरातीचे मजकूर वाचताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की चांगली कादंबरी चुकीच्या हाकेमुळे मरते. रात्री एकट्याने तुमचं पुस्तक वाचणारा माणूस तुमच्यावर मोठा विश्वास टाकत असतो. भीती त्याला हवीच आहे, पण ती पानांत हवी. जाहिरातीने घाबरवलं किंवा फसवलं तर तो पुन्हा तुमच्या वाटेला येत नाही.

‘सत्य घटनेवर आधारित’

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कोकणातल्या एखाद्या बंद घराचा फोटो काढायचा, गावाचं खरं नाव द्यायचं आणि वर लिहायचं, ‘इथे आजही कुणी रात्री थांबत नाही’. त्या घराचे मालक बहुतेक वेळा मुंबईत किंवा पुण्यात असतात, गणपतीला येऊन घर उघडतात. तुमच्या पोस्टनंतर त्यांच्या अंगणात रात्री-अपरात्री मोबाइल घेऊन पोरं शिरतात, दारं-खिडक्या फोडतात, आणि घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. त्या कुटुंबाने तुमचं काय वाकडं केलं होतं? गाव कल्पित ठेवा, तालुका खरा ठेवा. वाटा, झाडं, बोली, पावसाची चाल खरी ठेवा. कथेला तेवढं वास्तव पुरतं.

दैवतांचंही तसंच. कोकणात आणि गोव्यात देवचार हा बऱ्याच ठिकाणी गावाची राखण करणारा मानला जातो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा हा ग्रामदेव आहे, लोक त्याला नवसाच्या मोठाल्या चपला वाहतात. शहरात बसून या नावांना ‘रक्तपिपासू सैतान’ करून मुखपृष्ठावर छापलं, की ज्या वाचकाने तुमचं पुस्तक सगळ्यात प्रेमाने वाचलं असतं तोच दुखावतो. मग पोस्टखाली भांडणं सुरू होतात आणि पुस्तकाबद्दल कुणीच बोलत नाही. कथेत दैवताचं रूप गुंतागुंतीचं असू द्या, ती तुमची मुभा आहे. जाहिरातीच्या दोन ओळींत ती गुंतागुंत मावत नाही, म्हणून तिथे जिवंत श्रद्धास्थानाचं नाव वापरू नका.

महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि त्यांच्या खुनानंतर तो अस्तित्वात आला. हा कायदा गोष्टी लिहिण्याच्या आड येत नाही, तुमच्या कादंबरीत मांत्रिक खुशाल असू द्या. मात्र ‘पहिल्या शंभर वाचकांना सिद्ध केलेला ताईत मोफत’ अशी योजना काढलीत, तर ती कथा राहत नाही, तो दावा होतो. अशा भेटवस्तूंचं खूळ डोक्यातून काढून टाका. पुस्तकासोबत काही द्यायचंच असेल तर कथेतल्या गावाचा हाताने काढलेला नकाशा द्या, वाचक तो जपून ठेवतात.

खोट्या बातमीची जाहिरात

प्रलयकथा लिहिणाऱ्यांना हा मोह फार होतो. वृत्तवाहिनीसारखी पट्टी, लाल अक्षरं, ‘कोयनेच्या भिंतीला तडा, सातारा-सांगलीत स्थलांतर सुरू’, आणि शेवटच्या दोन सेकंदांत पुस्तकाचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर हे पुढे जाताना ते शेवटचे दोन सेकंदच आधी गळतात. कुणीतरी पडद्याचा फोटो काढतं आणि तुमची कल्पना अफवा म्हणून फिरू लागते.

कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसं आजही आहेत. पुण्यात पानशेतचा १२ जुलै १९६१ चा पूर घराघरांत सांगितला जातो. किल्लारीच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता आलेली नाही. धरण फुटल्याची खोटी बातमी अशा माणसांच्या फोनवर जाते, हे लक्षात ठेवून मजकूर लिहा. आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ५४ आहेच: आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

याहून भयंकर म्हणजे मुलं नाहीशी होण्याच्या कथानकाची अशी ‘बातमी’. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच माणसांना ठार मारलं. तेव्हा गावोगाव फिरत होत्या त्या अशाच चित्रफिती. ‘आमची तर फक्त जाहिरात होती’ हे त्यानंतर कुणाला सांगणार?

तयार झालेली चित्रफीत फेकून देण्याची गरज नाही, ती दुरुस्त करता येते. पुस्तकाचं नाव आणि ‘कादंबरी’ हा शब्द पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात ठेवा. खऱ्या वाहिनीची पट्टी, सरकारी बोधचिन्ह, खऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम काढून टाका. धरणाचं, गावाचं नाव कल्पित करा. आणि आपत्तीच्या स्मृतिदिनी पुस्तकाचा उल्लेखही करू नका. माळीण, तळिये, इर्शाळवाडी या तिन्ही दुर्घटना जुलैतल्या. पावसाळ्यात दरड कोसळल्याची बातमी आली की ठरलेली जाहिरात त्या दिवशी थांबवा. आधी वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट आपोआप जातात, म्हणून त्या हाताने बंद कराव्या लागतात.

कुणाला हाक मारताय?

प्रलयकथेचा वाचक आणि भुताखेतांच्या गोष्टींचा वाचक एकच असतो असं धरून चालणं चुकीचं आहे. प्रलयकथेच्या वाचकाला पाणी कुठून येणार, धान्य किती दिवस पुरणार, रस्त्यावर कोण सत्ता गाजवणार हे हवं असतं. अतींद्रिय कथेच्या वाचकाला कारण उशिरा कळलेलं चालतं, पण वातावरण सैल झालेलं चालत नाही. तुमच्या कादंबरीत दोन्ही असेल तर कथेचा कणा कोणता आणि पोट कोणतं हे आधी ठरवा. जाहिरात कण्याची करा. दोन्ही सारख्याच जोराने ओरडून सांगितलं, की एक वाचक ‘यात भुतं कशाला?’ म्हणतो आणि दुसरा ‘भूत येईपर्यंत दोनशे पानं रेशनची रांग’ म्हणतो. तक्रारी दोघांच्याही खऱ्या असतात.

‘पुढचे धारप’ हे बिरुद स्वतःला लावू नका. धारपांचा वाचक त्यांची पुस्तकं पाठ असल्यासारखी ओळखतो. तो तुमच्या पहिल्या प्रकरणापासून तुलना करू लागतो आणि तुमचं वेगळेपण त्याला दिसतच नाही.

मलपृष्ठावरचा मजकूर हा बहुतेकांचा कच्चा दुवा. नेहमी दिसतो तो असा: ‘काळोख... एक शाप... आणि एक रहस्य, ज्याची किंमत मोजावी लागणार होती प्राणांनी! काय होतं त्या रात्री?’ हे कुठल्याही पुस्तकाच्या मागे छापता येईल, म्हणजे ते तुमच्या पुस्तकाचं नाही. आता हे वाचा:

‘पैठणजवळच्या एका गावात एके पहाटे विहिरींचं पाणी खारट होतं. आठवड्याभरात नाथसागराला भरती-ओहोटी येऊ लागते. पाणीपुरवठा खात्यातली कनिष्ठ अभियंता सुलभा रोजची मोजमापं वर पाठवते. उत्तराच्या कागदावर सही असते तिच्या वडिलांची, अकरा वर्षांपूर्वी याच पाण्यात बुडालेल्या.’

यात जागा आहे, माणूस आहे, त्याचं काम आहे, आणि बिघडलेली एक गोष्ट नेमकी सांगितली आहे. शाप, काळोख, थरार यांपैकी एकही शब्द नाही. सुलभाचं पुढे काय होतं तेही नाही. तुमचा मजकूर असा उभा राहत नसेल तर पहिल्या तीस पानांत घडणाऱ्या गोष्टींतूनच तो पुन्हा लिहा, मधल्या किंवा शेवटच्या भागाला हात लावू नका.

मुलांचा मृत्यू, लैंगिक अत्याचार, आत्महत्या हे कथानकात असेल तर तशी एक साधी ओळ विक्रीच्या पानावर द्या. त्याने रहस्य फुटत नाही, आणि नुकतंच घरात काही घडलेल्या वाचकाला आपला निर्णय घेता येतो.

किंडलवर पुस्तक आहे, पण कुणाला सापडत नाही

इथे कारणं बहुतेक तांत्रिक असतात. जुने टंकलेखक आणि छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) काम करतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, न आणता वापरला तर शोधयंत्राला तो मराठी म्हणून दिसतच नाही. तपासणी सोपी आहे: फाइलमधली एक ओळ उचलून फोनवर स्वतःलाच पाठवा. तिथे भलतीच चिन्हं उमटली तर मजकूर युनिकोड नाही. रूपांतर केल्यावरही डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तिऱ्हाईत’ यांतला र हमखास मोडतो. भयकथेत वारा आणि दऱ्या कमी नसतात. पीडीएफ चढवू नका. वर्ड किंवा ईपब फाइल द्या, आणि विक्रीला लावण्यापूर्वी पुस्तक स्वस्तातल्या फोनवर अक्षर मोठं करून पाहा.

किंडलवर पुस्तक चढवण्याची अ‍ॅमेझॉनची सेवा म्हणजे केडीपी. तिथे शोधशब्दांसाठी सात जागा मिळतात. त्या ‘भय’, ‘कथा’ अशा एकेका शब्दाने वाया घालवू नका. ‘मराठी भयकादंबरी’, ‘प्रलयकथा मराठी’ असे वाचक टाइप करतील ते शब्दगट लिहा, आणि त्यांतले दोन-तीन रोमन लिपीतही द्या, कारण फोनवर मराठी शोधणारे पुष्कळ जण इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात.

मराठी लेखक हमखास अडकतात ती जागा म्हणजे केडीपी सिलेक्ट. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवं असेल तर या योजनेत नाव घालावं लागतं, नाहीतर पस्तीस टक्के. पण योजनेत असताना, नव्वद दिवसांच्या त्या मुदतीत, ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. ज्यांनी कादंबरी आधी प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या मंचावर क्रमशः टाकलेली असते त्यांना हे आठवत नाही, आणि मग अ‍ॅमेझॉनकडून ताकीद येते. आधी जुनी प्रकरणं काढा, ती शोधात दिसेनाशी झाल्याची खात्री करा आणि मगच नाव घाला. नमुना म्हणून पुस्तकाचा साधारण दहा टक्के मजकूर बाहेर ठेवायला परवानगी असते. छापील प्रतींना ही अट लागू नाही, त्या कुठेही विका.

मुखपृष्ठाचं चित्र एआयकडून करून घेतलं असेल तर केडीपी तसं विचारतं. खरं उत्तर द्या. चित्र कसंही झालेलं असो, बोटाच्या पेराएवढं लहान करून पाहा. त्या आकारात पुस्तकाचं नाव वाचता आलं पाहिजे. काळ्यावर गडद लाल, रक्त ओघळणारी देवनागरी अक्षरं त्या आकारात हमखास चिखल होतात.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणालाही पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो भारतात विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. तेच पैसे मुद्रितशोधनाला द्या.

परीक्षणं आणि वेळ

घरच्यांकडून, मित्रांकडून पाच-पाच तारे लावून घेणं किंवा लेखकांनी आपसांत परीक्षणांची देवाणघेवाण करणं अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाही. अशी परीक्षणं काढली जातात आणि कधी त्यांच्यासोबत खरीही जातात. त्यापेक्षा भयकथा आवडीने वाचणाऱ्या अनोळखी दहा-पंधरा जणांना महिनाभर आधी प्रत द्या. त्यांना सांगायचं ते एवढंच की शेवट फोडू नका. आवडलं नाही असं कुणी लिहिलं तर त्याखाली वाद घालायला जाऊ नका.

दिवाळी अंकांकडे नवे लेखक दुर्लक्ष करतात याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. १९०९ पासूनची ही परंपरा आहे आणि ‘धनंजय’सारखे अंक रहस्य, गूढ आणि भयकथेच्या वाचकाच्या घरी थेट जातात. त्याच वाचकाला शोधण्यासाठी तुम्ही फेसबुकला पैसे मोजता. कादंबरीचं प्रकरण मात्र पाठवू नका, ते तुटक वाटतं. त्याच जगातली, स्वतंत्रपणे पुरी होणारी कथा लिहा आणि पावसाळा सुरू होण्याच्या सुमाराला पाठवा, कारण गणपतीपर्यंत बहुतेक अंक भरलेले असतात. लेखक-परिचयात कादंबरीचं नाव एका ओळीत येऊ द्या.

मालिका लिहीत असाल तर मुखपृष्ठावर ‘भाग १’ छापा. चारशे पानांनंतर गोष्ट अर्धवट तुटली आणि आधी कुणी सांगितलंही नव्हतं, हा राग परीक्षणांत वर्षानुवर्षं टिकतो. दुसरा भाग लिहून झालेला असेल तर त्याचं पहिलं प्रकरण शेवटी जोडा. झालेला नसेल तर तारीख जाहीर करू नका. शेवटच्या पानावर ईमेलचा पत्ता द्या, लिहिणाऱ्यांची यादी ठेवा आणि पुस्तक तयार झालं की आधी त्यांना कळवा.